रांजणाचा घाम

मी चौथीत शाळा सोडली. सोडली म्हणजे मास्तरांनी एकदा कान पिळला आणि दुसऱ्या दिवसापासून मी गेलोच नाही. घरच्यांनी मारलं, समजावलं, गुळाचा खडा दाखवला. नाही म्हणजे नाही. त्या गोष्टीला साठावर वर्षं झाली. तरीपण आज आमच्या फाट्यावर "अप्रकट उष्मा म्हणजे काय हो?" असं कुणी विचारलं, तर लोक माझ्याकडं बोट दाखवतात. आणि मी सांगतो. नुसतं सांगत नाही, हातात पाण्याचा तांब्या देऊन सांगतो.

आमचा फाटा नांदेड-लातूर रस्त्यावर. कंधारकडं जाणारी माणसं इथं एसटीतून उतरतात आणि दुसऱ्या गाडीची वाट बघत कडुलिंबाखाली बसतात. शेत थोरल्या पोराच्या नावावर करून मी रिकामा झालो, तेव्हा त्या लिंबाखाली पाणपोई टाकली. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्यात पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर देतात. मी म्हटलं, पितर काही दिसत नाहीत, हा कंडक्टर तरी दिसतो, ह्यालाच पाजू. तीन मोठे रांजण कंधारच्या कुंभाराकडून आणले, वाळूत बसवले. तेव्हापासून दर आखितीला पाणपोई सुरू आणि मिरग निघाला की बंद. बारा वर्षं झाली. कुणाकडं वर्गणीची पट्टी मागितली नाही की कुणाचा हुकूम ऐकला नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या आधी सरपंच फाट्यावर आला. भावकीतलाच आहे, मला आबा म्हणतो, पण जिभेला हाड नाही. रांजणांवर हिरवं शेवाळ धरलेलं, मधे मधे पांढरा क्षार फुटलेला. त्यानं कमरेवर हात ठेवून बघितलं आणि चार माणसांत बोलला,

"आबा, हे रांजण हायेत का डबक्यातून उठलेल्या म्हशी?"

माणसं हसली. मी हसलो नाही.

दुसऱ्याच दिवशी तिन्ही रांजण रिकामे केले, काथ्यानं घासले, उन्हात वाळवले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला देतात तो तांबडा ऑईलपेंट आणला आणि बाहेरून दोन हात मारले. असे चमकायला लागले की रस्त्यावरून जाणारा जीपवाला मान वळवून बघायचा. मग पांढरा रंग घेतला आणि प्रत्येक रांजणावर एकेक शब्द काढला. पहिल्यावर "गार". दुसऱ्यावर "पाणी". तिसऱ्यावर "प्या". वीतभर उंचीची अक्षरं. चौथीनंतर मी सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. "णी"ची वेलांटी श्वास धरून काढली. सांगायचं कारण असं, की पुढं जी भानगड झाली ती ह्या अक्षरांवरून झाली.

आखितीला पाणपोई सुरू केली. चार दिवसांत तक्रारी यायला लागल्या. पाणी गार नाही. मी म्हटलं, ऊन जास्त आहे. आठ दिवसांनी म्हणायला लागले, कोमट लागतंय. मी म्हटलं, टँकरचं पाणी आहे, तापूनच येतं. पुढं म्हटलं, लिंबाची पानं गळालीत, सावली पातळ झालीय. रोज नवं कारण. खोटं कशाला बोलू, मलाही ते पाणी घशाखाली जाईना. पण लोकांसमोर मी मुद्दाम दोन तांबे प्यायचो आणि मिशी पुसून "आऽऽ हा" करायचो.

एक दिवस लातूर गाडीच्या ड्रायव्हरनं चूळ भरली आणि रांजणावरची अक्षरं मोठ्यानं वाचली. "गार… पाणी… प्या." मग म्हणाला,

"आबा, ह्यात पत्ती-साखर टाका, च्या तरी व्हईल!"

सगळी गाडी हसली. खिडक्याखिडक्यांतून हसली.

त्यानंतर माणसं लिंबाखाली बसायची पण रांजणाकडं यायची नाहीत. शेवटी सरपंच पुन्हा आला. ह्या वेळी थट्टा नव्हती त्याच्या बोलण्यात, त्यामुळं जास्त लागलं.

"आबा, थंड पाण्याचं एक मशीन मिळालंय गावाला. शाळेत बसवावं असं हेडमास्तर म्हणून राहिले. पण फाट्यावर लोक तहानलेले. मी म्हणतो, हितंच बसवू. तुम्ही रांजण उचला."

"न्हाई उचलणार."

"कामून? कोण पिऊन राहिलंय तुमचं पाणी?"

मी म्हटलं, "बुधवारच्या बाजारापर्यंत थांब. बुधवारी माझ्या रांजणातलं पाणी गार लागलं तर मशीन शाळेत, न्हाई लागलं तर रांजण म्या सोता फोडतो."

"फोडू नका हो, उचला म्हणलं नुसतं."

"न्हाई. फोडतो."

शब्द गेला तोंडातून. तो दिवस शुक्रवार होता. मधे चार दिवस, आणि पाणी गार का होत नाही हे मला माहीत नव्हतं.

शनिवारी सून आली. ही धाकटी सून, नवऱ्याबरोबर लातूरला असते, तिथं शाळेत विज्ञान शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस गावी येते. फाट्यावर उतरली, पदर सावरत माझ्या पाया पडली आणि रांजणांकडं बघून थबकली. पाणी प्यायली. मग पुढं होऊन रांजणाच्या पोटावर हात फिरवला, बैलाच्या अंगावर फिरवतात तसा.

"मामा, हा रंग कधी दिला?"

"आखितीच्या आधी. चांगला दिसतो ना?"

"दिसतो चांगलाच. पण पाणी तेव्हापासूनच गार होत नाही ना?"

रंग आणि गारवा ह्यांचा संबंध माझ्या डोक्यात आलाच नव्हता. आला असता तरी मी त्याला आत घेतला नसता.

संध्याकाळी ओसरीवर ती मला समजावायला लागली. रांजणाला बारीक बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी पाझरतं, रांजण बाहेरून ओला राहतो. ते पाणी हवेनं उडून जातं, आणि उडताना रांजणातली उष्णता घेऊन जातं. म्हणून आतलं गार पडतं. "तुम्ही रंगानं छिद्रं बुजवली मामा. रांजणाला घाम यायचा बंद झाला. आणि त्या उडून जाणाऱ्या पाण्याबरोबर जी उष्णता जाते ना, तिला अप्रकट उष्मा म्हणतात."

माझा एक कान जरा अधू आहे. मला त्यातलं "कपट" तेवढं ऐकू आलं.

"कपट? म्या कुणाशी कपट केलं गं? बारा वर्षं फुकट पाणी पाजून राहिलो!"

"कपट नाही हो मामा! अ-प्र-कट."

"तेच ते. माझी चूक म्हण की सरळ."

"चूक नाही म्हटलं मी…"

"आन ही उष्मा कोण आणखी?"

ती पदर तोंडाला लावून हसली. माझा संताप झाला. मग तीच शांतपणे म्हणाली, "उष्मा म्हणजे उष्णता, मामा. अप्रकट म्हणजे जी आपल्याला दिसत नाही. खर्च तर होते, पण पाऱ्यात दिसत नाही."

"असं कुठं असतं का? जाळ घातला की तापणारच."

"बरं," ती म्हणाली, "उद्या बघू."

सुट्टीत ती शाळेतल्या पोरांसाठी प्रयोगांची वही करत होती, त्यामुळं एक काचेचा लांब तापमापक तिच्या पिशवीत होता. तापाचा असतो तसाच, पण लांब आणि शंभराच्या पुढं जाणारा. रविवारी सकाळी अंगणातल्या चुलीवर तिनं पातेलंभर पाणी ठेवलं, तापमापक आत सोडला आणि मला पाटावर बसवलं. "तुम्हीच जाळ घाला मामा. तुम्हीच बघा."

घातला. पारा चढायला लागला. पन्नास. सत्तर. नव्वद. मी तिच्याकडं बघितलं, काय, तापतंय ना? पाण्याला उकळी फुटली, आणि पारा अठ्ठ्याण्णवच्या आसपास जाऊन उभा राहिला. मी कापसाच्या पऱ्हाट्या सारल्या. पाणी खदखदायला लागलं, पारा तिथंच. मी आणखी पऱ्हाट्या घातल्या, वरून तुराट्यांची एक अख्खी पेंढी कोंबली. जाळ पातेल्याच्या वर आला, माझ्या भुवया भाजायच्या बाकी राहिल्या. पारा तसूभर हलला नाही. आडून बसलेल्या म्हशीसारखा. माझ्यासारखा, असं सून म्हणाली नाही, पण तिच्या मनात आलं असणार.

पाणी निम्मं झालं. मी पुन्हा वाकून बघितलं. अठ्ठ्याण्णव.

"एवढा जाळ गेला कुठं मग?" मी विचारलं.

तिनं वर बोट केलं. वाफ अंगणातल्या लिंबाच्या फांद्यांत चालली होती.

"वाफ व्हायला लागतो तो. पाण्याला पाणी राहू न देता हवेत पाठवायला. पाऱ्यात चढत नाही म्हणून अप्रकट. इथं चूल देते. रांजणाला चूल नसते, म्हणून ते पाझरलेलं पाणी रांजणातूनच उष्णता घेतं आणि निघून जातं."

मी हातातली पऱ्हाटी खाली ठेवली. तिन्ही त्रिकाळ चहा पिणारा माणूस मी. आधण हजार वेळा बघितलं. आणि हे एकदाही बघितलं नव्हतं! माझी त्या वेळची अवस्था सांगतो: राग उतरला होता आणि अंगात काहीतरी तरतरी आली होती, बाजारात अडलेला बैल अचानक चालायला लागावा तशी.

"म्हंजे रंग खरवडावा लागंल," मी म्हणालो.

"नुसता खरवडून उपयोग नाही. छिद्रांत बसलाय तो. कंधारहून नवे रांजण आणू या, मी येते बरोबर."

नवे रांजण आणणं काही अवघड नव्हतं. पण मग ती अक्षरं? गावासमोर मी काढलेली अक्षरं फेकायची, म्हणजे म्हातारा चुकला हे वीतभर अक्षरांत लिहून देण्यासारखंच. मी म्हटलं, "रांजण हेच राहतील."

"मामा, पण घाम कसा येणार त्यांना?"

"ते मी बघतो."

बघतो म्हटलं खरं. रात्रभर काही सुचलं नाही. सुचलं सोमवारी, शेतात थोरल्या पोराला भाकर द्यायला गेलो तेव्हा. त्यानं पाण्याचा प्लास्टिकचा कॅन बांधावर बोरीला टांगला होता आणि त्याला ओलं फडकं गुंडाळलं होतं. मीच शिकवलेलं त्याला. माझ्या बापानं मला शिकवलेलं. कॅन प्लास्टिकचा! त्याला कुठलं छिद्र? तरी पाणी गार. मी कॅन हातात घेऊन उभाच राहिलो. पोरगा म्हणाला, "दादा, पेता का नुसतं बघता?"

उडणारं पाणी रांजणाच्या आतूनच यायला पाहिजे असं कुठं आहे? बाहेरून द्यावं. घाम येत नसेल तर घाम नेसवावा.

घरी सोयाबीनची गोणपाटाची पोती होती. पाच पोती उसवली, धुतली, तिन्ही रांजणांना गळ्यापासून बुडापर्यंत गुंडाळली आणि सुतळीनं आवळली. बुडाशी वाळू भिजवून ठेवली, म्हणजे पोत्याची कड तिच्यातून ओल ओढत राहील. सुनेला सांगितलं नाही. सोमवारी दुपारी बघितलं तर पोती तासाभरात वाळायला लागलेली. मला वाटलं, हे पाणी वाया जाऊन राहिलंय. आमच्याकडं उन्हाळ्यात थेंब सांडला तर माणूस हळहळतो. म्हणून मी काय केलं, वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळला, घट्ट. आता पोती दिवसभर ओली राहतील.

राहिली. ओली राहिली आणि मंगळवारी पाणी पुन्हा कोमटच.

मंगळवारी दुपारी सून तापमापक घेऊन फाट्यावर आली. रांजणाकडं बघितलं, कागदाकडं बघितलं. ती हसली असती तर मी तिचं ऐकलं नसतं, हे तिला माहीत झालं असावं. तिनं एवढंच विचारलं,

"मामा, परवा आधणावर झाकण असतं आणि ते चिकटवून टाकलं असतं, तर वाफ गेली असती का?"

मी कोयत्यानं कागद फाडला. तिन्ही रांजणांचा. ती निघून गेली आणि मी तिथं बसून पोत्यांवर पाणी शिंपडत राहिलो. वाळली की शिंपडायचो, वाळली की शिंपडायचो. वाळणं म्हणजेच काम होणं, हे डोक्यात बसवायला मला तेवढी दुपार लागली. जे पाणी वाया चाललंय म्हणून मी जपत होतो, तेच तर आतल्या पाण्याची काहिली घेऊन चाललं होतं. जाऊ दिलं तरच गार.

बुधवारी सकाळी रांजण ताज्या पाण्यानं भरले. वारा चांगला होता, कोरडा, अंगाला चटका देणारा. एरवी त्या वाऱ्याला शिव्या घालतो, त्या दिवशी म्हटलं, ये बाबा, ये.

बाजाराची माणसं दोनच्या सुमाराला जमली. सरपंच आला, मागं दहा-बारा जण. पोती गुंडाळलेले रांजण बघून म्हणाला,

"काय आबा, रांजणांना हुडहुडी भरली का?"

"भरंल आता तुला. पी."

"आधी मापू." मीच म्हटलं. सून बाजूला उभी होती, पण तापमापक माझ्या हातात होता. आधी सावलीतली हवा दाखवली सगळ्यांना. एक्केचाळीस. मग झाकण काढून पहिल्या रांजणात सोडला, दम धरला आणि वर काढून सरपंचाच्या डोळ्यांसमोर धरला. त्याला बारीक आकडे दिसेनात, चष्मा घरी राहिलेला. मागून त्याच्याच पोरीनं वाचलं, "सत्तावीस!"

"हॅट," सरपंच म्हणाला. "बर्फ टाकला असंल."

मी रांजणात हात घालून तळ ढवळून दाखवला. तेवढ्यात लातूर गाडी आली. तोच ड्रायव्हर. गर्दी बघून उतरला. मी तांब्या पुढं केला. त्यानं आधी जरा चव घेतल्यासारखं केलं, मग मान मागं टाकून सगळा तांब्या रिकामा केला. घशाची घाटी खालीवर होताना सगळे बघत होते. मिशी पुसली आणि म्हणाला,

"आबा, आणखी एक."

मग जी रांग लागली, ती तासभर हटली नाही. सरपंच तीन तांबे प्याला. प्यायल्यावर म्हणाला, "पर केलं काय तुम्ही? रंग खरवडला का?"

ह्या प्रश्नाची मी सोमवारपासून वाट बघत होतो. मधल्या रांजणाची सुतळी सोडली, पोतं खाली केलं. तांबडा रंग जसाच्या तसा आणि त्यावर ओलं, चमकणारं "पाणी".

"मग गार कसं झालं?"

"हात पुढं कर." मी त्याच्या मनगटावर पाणी लावलं. "फुंक मार. लागतं ना गार? पाणी उडून चाललंय. जाताना तुझ्या अंगातली उष्णता घेऊन चाललंय, हवेत मिसळायला त्याला ती लागतीच. दिसत न्हाई, पाऱ्यात घावत न्हाई, पर जाते. चुलीवरच्या आधणातून जाते तीच. तिला म्हणतात अप्रकट उष्मा." आणि सुनेकडं बघून म्हटलं, "कपट न्हाई. अप्रकट."

ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. तेही उडून गेलं असेल, ती चांगलीच गार झाली असेल.

"रंगामुळं बिघडलं होतं," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "रांजणाचा घाम म्याच बंद केला होता." हे वाक्य बोलायला मला वाटलं होतं तेवढा त्रास झाला नाही. हातात जिंकलेला तांब्या असला की चूक कबूल करणं सोपं जातं. हा माझा अनुभव, बाकीच्यांचं माहीत नाही.

मशीन शाळेत बसलं. तिथं सावली आहे, वीज आहे, पोरं आहेत. तिथंच शोभतं ते. माझे रांजण जागेवर आहेत. ह्या उन्हाळ्यात नायगावकडचा एक माणूस पोती कशी बांधायची ते बघून गेला. त्याला मी पहिली गोष्ट सांगितली, वरून कागद गुंडाळू नकोस.

एक गोष्ट मात्र मनाला लागून होती. पोत्यामुळं माझी अक्षरं झाकली गेली. लिहिलेलं कुणी वाचेना. म्हणून पत्र्याची एक पाटी आणली आणि लातूरला सुनेला फोन लावला.

"सांग, अप्रकट कसं लिहायचं. प्र कसा काढू?"

"आधी प काढा मामा. मग प च्या पायात एक तिरकी काडी, डावीकडं ओढलेली."

"काडी लांब का आखूड?"

"आखूडच बरी."

"मी लांब काढतो. लांबून दिसाया पाहिजे."

काढली. पाटी लिंबाला टांगली. तांबड्यावर पांढरी अक्षरं: "अप्रकट उष्मा". खाली काहीच लिहिलं नाही, मुद्दाम. एसटी थांबते, माणसं उतरतात, वाचतात, डोकं खाजवतात. मग कुणीतरी एकजण येतोच लिंबाखाली.

"आबा, ही उष्मा कोण?"

मी तांब्या बुडवतो. "बस. आधी पाणी पी."